वडनेरच्या काकडीची गवरी

काकडीला छप्पर लागत नाही, हे माझं मत आहे. उघडं आभाळ, वर चढायला काहीतरी आणि रोज सकाळी कुणाचं तरी लक्ष, एवढं मिळालं की ती येते. हे मी माझ्या साळ्याला दरवर्षी ऐकवतो आणि तो दरवर्षी हसतो. वडनेरला हायवेला लागूनच त्याचं पांढरं शेडनेट उभं आहे, आणि त्यात पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, एका मापाच्या काकड्या लटकत असतात. माझं हिंगणघाटला भांड्यांचं दुकान. शेतीतलं मला काय कळतं, असं तो तोंडावर म्हणत नाही, कारण जावयाला तसं म्हणायचं नसतं.

खरं तर हे मत माझं नाही, त्याच्याच आईचं. शेडनेट नवीन उभं राहिलं तेव्हा तो सासूबाईंना कौतुकानं आत घेऊन गेला. मीही मागे होतोच. त्यांनी एक काकडी हातात घेतली, मधोमध मोडली आणि आत डोकावून पाहिलं.

"याच्यात बी काऊन नाई?"

"बिनबियाचीच हाये थे, आई. याले भुंगाही लागत नाई, फुलं आपसूक धरते."

"मंग पुढच्या साली काय लावशीन?"

"पुडी आणतो ना."

"अन् पुडीवाला मेला तं?"

मी इतका मोठ्यानं हसलो की साळा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

सासूबाईंची स्वतःची काकडी अगदी वेगळी होती. आखूड, जाडजूड, फिक्या हिरव्या रंगावर पांढरे पट्टे, आणि पोटात बियाच बिया. देठाकडं जरा कडू असायची, म्हणून तेवढं टोक कापून त्याच चकतीनं घासून पांढरा फेस काढायचा आणि मग खायची. दाण्याचा कूट घालून तिची कोशिंबीर केली की मी भाकरी नेहमीपेक्षा एक जास्त खायचो. लग्नाच्या सुरुवातीला मात्र मी एकदा सासुरवाडीत म्हटलं होतं, की या काकडीचं बी दातात अडकतं. त्या म्हणाल्या, "अडकू द्या जवाईबापू, तेवढीच सासुरवाडीची आठवण राहीन." त्यानंतर मी तक्रार केली नाही.

त्या काकडीचं बी ठेवायची त्यांची पद्धत अशी. आश्विनात एक मोठी काकडी वेलावरच पिकू द्यायची. ती आधी पिवळी, मग विटकरी होते आणि सालीवर जाळी पडते. तिचं बी काढून, धुऊन, राखेत घोळायचं, ताज्या शेणाच्या गोळ्यात दाबायचं आणि गोळा भिंतीवर थापायचा. शेण वाळलं की गवरी तयार, आणि बी आत वर्षभर सुखरूप. किडा लागत नाही, उंदीर फिरकत नाही. पेरायच्या वेळी गवरी फोडायची नाही, बी काडीनं कोरून काढायचं. दरवर्षी दिवाळीला बायको माहेरून आली की तिच्या पिशवीत साडी, अनारसे आणि एक गवरी असायची. दरवर्षी नवी येत असल्यानं आम्ही स्वतः बी कधी ठेवलं नाही, आणि रिकामी झालेली गवरी पाण्याच्या बंबात जायची. गवरीवर सासूबाईंच्या हाताची पाच बोटं उमटलेली असायची. ती मी कधी नीट पाहिली नाही. गवरीवर बोटं असतातच, त्यात काय पाहायचं?

आणि त्यांचा एक नियम होता. हे बी विकायचं नाही, आणि कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

आमच्या घरामागे न्हाणीच्या बाजूला दोन खाटा मावतील एवढी जागा आहे, आणि एक जांबाचं, म्हणजे पेरूचं झाड. तिथे बायकोचं राज्य. मृग लागला की ती आळी खणते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि काकडीचे पाय कुजतात, म्हणून माती उंच ओढून घेते. शेणखत, मूठभर राख, आणि प्रत्येक आळ्यात तीन-तीन बिया. साळ्याकडून तुराट्या आणून मांडव करायचं काम माझं. तो मांडव दरवर्षी एका बाजूला कलतो. बायको म्हणते, "दुकानातले गंज-पातेले कसे सरळ रचता? मंग इथंच काय होते तुमाले?" वेल दोन पानांवर असताना लाल भुंगे येतात, तेव्हा ती सकाळी दव असतानाच पानांवर राख भुरभुरते. पहिली सगळी फुलं वांझ असतात. ती पाहून मी दरवर्षी घाबरतो आणि ती दरवर्षी म्हणते, "दम धरा ना बाप्पा."

एकाच गोष्टीवरून आमची खरी भांडणं होत. कोवळ्या काकडीकडं बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ती सडते, असं तिच्या माहेरी मानतात. दाखवायचीच तर बोट मुडपून, नाहीतर हनुवटीनं. आता मी दुकानदार माणूस, वरच्या फळीवरचा गंज गिऱ्हाइकाला बोटानंच दाखवतो, सवयच ती. मी बोट दाखवलं की ती ओरडायची, "चावा घ्या बोटाले, आत्ताच्या आत्ता!" आणि मी निमूट स्वतःच्या बोटाला चावायचो. शेजारी भिंतीवरून पाहायचे. काय वाटत असेल त्यांना!

दोन वर्षांपूर्वी पौषात सासूबाई गेल्या. फारसं आजारपण नाही, कुणाला त्रास नाही. तेरवी आटोपून आम्ही परत निघालो तेव्हा बायकोनं माहेरच्या भिंतीवरची शेवटची गवरी विळ्यानं अलगद सोडवून घेतली. मधल्या काळात शेडनेटच्या नादात साळ्याच्या घरी ती काकडी लावणं बंद झालं होतं, म्हणून त्या दिवाळीला पिशवीत गवरी आलीच नव्हती आणि भिंतीवर आदल्या सालची ही एकच उरली होती. एसटीत तिनं ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली. मी विचारलं, "काय हाये?" ती म्हणाली, "काकडी." घरी आल्यावर तिनं ती मागच्या भिंतीवर, भांडी घासायच्या जागेसमोर, ताज्या शेणानं चिकटवून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि सगळं विसरलो.

मग होळी आली. आमच्या चौकातली होळी म्हणजे माझा जिव्हाळ्याचा विषय. मला कुणी अध्यक्ष केलेलं नाही, पण आवाज माझा मोठा आहे, त्यामुळे आपोआप झालो आहे. त्या वर्षी संध्याकाळी पाहतो तर वरच्या गल्लीची होळी आमच्यापेक्षा हातभर उंच! शेणाच्या भोकाच्या चकत्यांच्या, म्हणजे चाकोल्यांच्या माळाही त्यांच्याकडं जास्त. माझं डोकं फिरलं. मी तरातरा घरी गेलो. मोडकी टोपली, नारळाच्या शेंड्या, खराटा, जे दिसेल ते उचललं. मागच्या भिंतीवर एक गवरी दिसली. ओढली, निघाली, टोपलीत टाकली. होळी पेटली तेव्हा सगळ्यात मोठी बोंब मीच मारली. आमची होळी उंच झाली हो. त्या रात्री मी फार छान झोपलो.

उन्हाळाभर मागे ऊन तापतं म्हणून भांडी पुढच्या नळावर घासली जात होती. मृगाला बायकोनं आळी खणली, हात धुतले आणि भिंतीकडं गेली. भिंतीवर फक्त एक गोल डाग होता.

"अहो, इथची गवरी कोठी गेली?"

माझ्या डोळ्यांसमोर होळीतली ती टोपली आली. खरं बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "वांदरानं नेली असन."

"वांदर गवरी खाते का?"

"आजकालचे वांदरं काईही खाते."

ती भिंतीकडं पाहत राहिली. मी दुकानात पळालो आणि तिथे बसून एक योजना आखली. ती मला त्या वेळी फारच हुशारीची वाटली. कृषी केंद्रातून काकडीच्या बियांची पुडी आणली. गवळ्याकडून शेण आणलं. दुकानाच्या गच्चीवर बसून, आयुष्यात पहिल्यांदा, मी गवरी थापली. दोन-तीन दिवस ऊन चांगलं होतं, वाळलीही. मग ती पाण्याच्या ड्रममागे टाकली आणि संध्याकाळी ओरडलो, "अवं, हे पाय! ड्रमामांगं पडली होती!"

ती आली. गवरी हातात घेतली, उजेडात धरली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडं न बघताच विचारलं,

"आईनं अंगठी कवापासून घालाले सुरुवात केली?"

गवरीवर माझी पाच जाडी बोटं होती, आणि अनामिकेवर माझ्या सैल अंगठीचा, फिरून तळव्याकडं आलेला पुष्कराजाचा खडा, त्याच्या कोंदणाच्या चारही दातांसकट, स्वच्छ उमटला होता. आमच्या दुकानात भांड्यांवर नाव टाकून देतात, पण इतकं सुबक नाव आमच्या मशीननंही कधी टाकलं नसेल.

मग मी सगळं सांगितलं. होळी, वरची गल्ली, टोपली, वानर, सगळं. मला वाटलं ती चिडेल, भांडी आपटेल. मी त्याची तयारी ठेवली होती. पण तिनं माझी गवरी फोडली, बी काढलं, आळ्यात लावलं आणि म्हणाली, "बी काय, कोठीही भेटते." मी सुटकेचा निःश्वास टाकला. बायकोचा राग एवढ्यात निवळला म्हणून स्वतःवरच खूश झालो. किती गाढव असावं माणसानं!

त्या वर्षी काकडी अशी आली की विचारू नका. लांब, गडद हिरवी, चकचकीत. मांडव नेहमीप्रमाणे कलला, पण वेलींना फरक पडला नाही. मी बोट दाखवून दाखवून शेजाऱ्यांना काकड्या दाखवल्या, आणि एकही सडली नाही. बायको मला चावा घ्यायला सांगायची, तेही तिनं बंद केलं. अख्ख्या गल्लीनं आमच्या काकड्या खाल्ल्या. माझ्या ताटात रोज कोशिंबीर. तिच्या ताटात मात्र कांदा.

आठ दिवस मी पाहिलं, पंधरा दिवस पाहिलं. मग एका दुपारी जेवताना माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "एवढं चुकलं तं शिव्या दे. पण काकडीवर काऊन राग काढून राह्यली?"

ती जेवत राहिली. घास संपल्यावर म्हणाली, "राग नाई हो. गोड लागत नाई मले."

"बी तं कोठीही भेटते म्हणलं होतंस."

"बी भेटते," ती म्हणाली. "त्या गवरीवर आईचा हात होता. मी रोज मांगं भांडे घासाले बसो, तवा त्याच्याकडं पाहो. फोटो तं एकच हाये तिचा, त्यातबी पदर तोंडावर आलेला. हात होता तेवढा." आणि ताट उचलून ती मागे गेली.

मी आयुष्यभर लोकांच्या भांड्यांवर नावं टाकत आलो, आणि माझ्याच घराच्या भिंतीवरचं नाव मला वाचता आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. ती लाज अजूनही गेलेली नाही.

हात तर आता मिळणार नव्हता. पण निदान तीच काकडी परत आणू, एवढं माझ्या हातात होतं. मी बी शोधायला निघालो. आधी वडनेरला साळ्याकडं. तो म्हणाला, "भाऊजी, पुडीचं बी लावा न, कायले तरास घेता?" मग त्यालाच माझं तोंड पाहून काहीतरी वाटलं असावं. त्यानं आठवून आठवून दोन घरं सांगितली. आईनं त्यांना बी दिलं होतं. पहिल्या घरी परसाच्या जागी फरशी झाली होती. दुसऱ्या घरच्या बाईंनी डबा उघडून दाखवला, तर बियांचं पीठ झालेलं. मी दोन्ही ठिकाणी चहा प्यालो आणि रिकाम्या हातानं परत आलो. बायकोला काही सांगितलं नाही. वसुलीला गेलतो म्हणालो. खोटं बोलण्यात माझी प्रगती नाही, पण या वेळी तिनं विचारलं नाही.

श्राद्धपक्षात साळ्याचा फोन आला. "भाऊजी, अल्लीपूरले आईची एक सोबतीण हाये. लहानपणची. जाऊन पाहा."

मी त्याच दिवशी दुकान बंद करून मोटरसायकल काढली. अल्लीपुरात घर सापडायला वेळ लागला नाही, वेलीच सांगत होत्या. कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर, विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेवरसुद्धा काकडी चढलेली. फिकी हिरवी, पांढरे पट्टे. शेडनेट नाही, मांडवही नाही. मी रस्त्यावरच गाडी थांबवून पाहत राहिलो, आणि बोट वर जाता जाता मुडपलं.

म्हातारी ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला आधी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "म्हणजे दातात बी अडकते थो जवाई का तू?" सासूबाईंनी माझी कीर्ती अल्लीपूरपर्यंत पोचवली होती! मग तिनं काकडी कापली, फेस काढला, मीठ लावून समोर ठेवली. मी खाल्ली. बी दातात अडकलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मिठाचं निमित्त केलं.

"बी पायजे न? नेजो," ती म्हणाली. "तुह्या सासूनंच देल्लं व्हतं. नाई म्हणाचं नसते याले."

ती मला गोठ्यात घेऊन गेली. मागच्या भिंतीवर गवऱ्या ओळीनं थापलेल्या होत्या, तिच्या स्वतःच्या हाताच्या, बारीक बोटांच्या. तिनं एकीतून काडीनं बी कोरून कागदात बांधून दिलं. मी आभार मानायला वळलो, तर ओळीच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात, एक जुनी काळपट गवरी दिसली. तिला ठिकठिकाणी भोकं पडलेली, सगळं बी केव्हाच काढून घेतलेलं. पण बोटं शाबूत होती. रुंद पंजा, आणि करंगळी जरा बाहेर फाकलेली. वडनेरला जेवायला वाढताना सासूबाईंची करंगळी अशीच फाकायची. मला एकदम ते वाढणं दिसलं.

"थे कोणं थापली?" मी विचारलं.

"तिनंच. बी देल्लं तवाची, अशी अख्खी आणून देल्ली व्हती. रिकामी हाये आता, बी नाई त्याच्यात."

"मले थे देता का?"

म्हातारी हसली. "रिकामी गवरी काय करशीन बाप्पा? चूल तं नाई न तुमच्या घरी."

मी गळ्यातला दुपट्टा काढून दोन्ही हातांवर पसरला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग गवरीकडं पाहिलं. हसणं थांबलं. आत जाऊन विळा घेऊन आली आणि भिंत आणि गवरी यांच्यामधून तो इतक्या हळू फिरवला की मातीचा कणही पडला नाही. देण्याआधी तिनं क्षणभर स्वतःचा हात त्या बोटांवर ठेवला. "मोठा हात व्हता तिचा," ती म्हणाली. "नेजो. पोरीले सांगजो, अल्लीपूरची मावशी हाये अजून."

गवरी दुपट्ट्यात गुंडाळून मी शर्टाच्या आत, पोटाशी धरली आणि एका हातानं गाडी चालवली. प्रत्येक गतिरोधकाला उतरून गाडी ढकलत नेली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. वाजवा म्हटलं, मला घाई नाही.

घरी आलो तेव्हा ती मागे भांडी घासत होती. मी बियांची पुडी न्हाणीच्या ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "वडनेरचं बी आणलं. अल्लीपूरवरून." ती "बरं" म्हणाली आणि घासत राहिली. मग मी दुपट्टा सोडला.

तिनं हात धुतले. पदराला पुसले. परत पुसले. गवरी मांडीवर घेतली आणि स्वतःची बोटं एकेक करून त्या बोटांत ठेवली. अंगठा, तर्जनी, मग बाकीची. तिची बोटं त्या खाचांत आरामात बसली, जागा उरली. करंगळी पोचली नाही, म्हणून तिनं ती ताणून जराशी बाहेर फाकवली.

मी जांबाखाली उभा होतो. मग ती म्हणाली, "शेण आणा थोडं. अन् या साली होळी ठेंगणीच राहू द्या."

मी शेण आणायला धावलो. गवरी आता जुन्या डागावरच बसली आहे. बियांची पुडी मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओट्यावर तशीच पडून होती. शेवटी मीच ती उचलून डब्यात ठेवली.